कोपऱ्यातलं हिरवं रिंगण

आयर्लंडला येऊन मला आता पाचवं वर्ष लागलं. गॉलवे आणि मेयो या दोन काउंटींच्या सीमेवर एक छोटं गाव आहे तिथे आम्ही राहतो, मी एका नर्सिंग होममध्ये कामाला आहे आणि नवरा गॉलवेला मेडिकल उपकरणांच्या कंपनीत. घरामागच्या कुंपणापलीकडे शेजारच्या आजींचं शेत. आजींचं वय ८४. इकडे सगळे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, त्यांनीही मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नावाने बोलाव, पण माझ्या तोंडून ते काही निघेना, मग मी त्यांना "आजी" म्हणजे काय ते समजावलं आणि आता आमच्या अख्ख्या रस्त्याला माहीत आहे की आजी म्हणजे त्या.

तर त्यांच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात गवताचं एक रिंगण आहे. बाकीच्या शेतापेक्षा गडद हिरवं, चार-पाच पावलं रुंद, आणि इतकं गोल की मला वाटायचं तिथे शेणखताचा ढीग असणार कधीतरी. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ती आगीची जागा, जूनमधल्या बोनफायर नाईटची. माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासून तिथेच लागते. लागायची." ते "लागायची" त्यांनी जरा थांबून म्हटलं. कोविडमध्ये एक वर्ष बंद पडली, मग मध्येच त्यांचे मिस्टर गेले, मुलगा ऑस्ट्रेलियात, आणि मग कोणी ढीगच रचला नाही.

मी सावंतवाडीची. होळीचा होम लागला नाही असं एखादं वर्ष मी कल्पनेतही आणू शकत नाही. मी त्यांना तिथल्या तिथे म्हटलं की यंदा लावूया, मी करते मदत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग फेब्रुवारीत ये."

मला वाटलं गंमत करतायत, जूनच्या आगीला फेब्रुवारीत काय काम. पण ते अगदी शब्दशः होतं.

त्याआधी थोडं सांगते, कारण मीसुद्धा आधी गोंधळले होते. सगळ्यात मोठ्या दिवसाचा केल्टिक, म्हणजे इथल्या जुन्या भाषा-परंपरेतला, सण म्हणून ऑनलाइन शोधलं की लिथा हे नाव येतं, आठ सणांचं आठ आऱ्यांचं वर्षचक्र येतं, मेणबत्त्या, सूर्यफुलं, असं बरंच काही. वाचत गेले तेव्हा कळलं की लिथा हा शब्द मुळात केल्टिक नाहीच, जुन्या इंग्लिशमधला आहे, आठव्या शतकात बीड नावाच्या साधूने जून-जुलै या महिन्यांचं जुनं नाव म्हणून तो लिहून ठेवलाय. आणि ते आठ आऱ्यांचं चक्र आत्ताच्या स्वरूपात १९५० च्या आसपास इंग्लंडमध्ये जुळवलं गेलं. जे लोक मनापासून ते पाळतात त्यांचं मला काही वावडं नाही, पण मला इथलं, या मातीतलं काय आहे ते हवं होतं. आयर्लंडचे जुने मोठे सण चार, १ फेब्रुवारीचा इम्बोल्क, १ मेचा ब्याल्टना, १ ऑगस्टचा लूनसा आणि १ नोव्हेंबरचा साउन. आयरिश भाषेत मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांची नावंच त्या सणांची आहेत, आणि जूनच्या नावाचा अर्थ मधला. कारण इथल्या जुन्या हिशेबाने उन्हाळा १ मेला सुरू होतो आणि जुलैअखेर संपतो, म्हणजे जून हा बरोब्बर मधला महिना येतो. मग या मधल्या दिवसाला काहीच नाही का? तर आहे, पण ते सेंट जॉनच्या नावाखाली, २३ जूनच्या रात्री. २४ तारखेला सेंट जॉनचा, म्हणजे येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या संताचा, जन्मदिवस, येशूच्या जवळजवळ सहा महिने आधी, आणि आदल्या रात्री आग. नाव संताचं, पण शेताची, गुरांची, सूर्याची सगळी रीत त्यात गुंडाळून ठेवलेली. देवाचं नाव बदललं तरी चूल तीच राहते, आमच्याकडे गावोगावच्या देवस्थानांत हे मी लहानपणापासून बघतेय त्यामुळे मला ते लगेच पटलं.

आणि २४ जून मला माहीत होताच की! मामाचं घर म्हापशाला, आणि शिवोलीला सांजाव बघायला आम्ही दर वर्षी जायचो. डोक्यावर फुला-पानांचं कोपेल, घुमट वाजतंय, "व्हिवा सांजाव" ओरडत माणसं भरलेल्या विहिरीत धडाधड उड्या मारतायत, नवे जावई खास पाहुणे. तो सांजाव म्हणजे हाच सेंट जॉन. तोच संत, तीच तारीख, तिकडे पावसाने विहिरी तुडुंब म्हणून पाणी आणि इकडे आग. हे जेव्हा माझ्या डोक्यात जुळलं तेव्हा मी किचनमध्ये एकटीच उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

असो, फेब्रुवारी. १ तारखेला मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या किचनच्या टेबलावर लव्हाळ्याच्या हिरव्या काड्या पसरून सेंट ब्रिजिड या इथल्या संत स्त्रीचा क्रॉस विणत होत्या, तिच्या सणानिमित्त २०२३ पासून इथे फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरकारी सुट्टी असते. मलाही एक विणायला लावला. आणि मग बूट घालून मला कुंपणाकडे घेऊन गेल्या. गोष्ट अशी आहे की आयर्लंडमध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट कुंपणाची झाडी तोडायला कायद्याने बंदी आहे, पक्षी घरटी करतात म्हणून. म्हणजे जूनच्या आगीसाठी जे काही लाकूड तोडायचं ते फेब्रुवारी संपायच्या आत तोडून झालं पाहिजे, आणि तेवढ्याने ते वाळतंही. आजींना कायदा माहीत आहे पण त्या कायद्याचं नाव घेत नाहीत, "चिमण्या आल्या की हात लावायचा नाही" एवढंच म्हणतात.

आम्ही चार रविवार काम केलं. मी, नवरा, समोरच्या घरातले दोघे भाऊ जे दुग्धव्यवसाय करतात, आणि एक पोलिश जोडपं. लाकूड भरपूर मिळालं आणि त्याचं कारण वाईट आहे. इथे ॲश नावाचं झाड सगळीकडे असतं, आपल्याकडे जसा ऐन किंवा किंजळ तसं हातापायाशी असणारं, हर्लिंग या त्यांच्या खेळाची काठीसुद्धा त्याचीच होते. त्या झाडाला एक बुरशीचा रोग लागलाय, आयर्लंडमध्ये तो पहिल्यांदा २०१२ साली सापडला, आणि आता रस्त्याच्या कडेला बघाल तिथे वरच्या फांद्या वाळलेली ॲशची झाडं दिसतात. आजींच्या कुंपणात अशी तीन होती. तोडताना त्या लांब उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

एकाच झाडाला हात लावू दिला नाही. शेताच्या मध्यावर एकटंच उभं असलेलं काटेरी व्हाइटथॉर्नचं झाड, मे महिन्यात पांढऱ्या फुलांनी भरतं ते. त्याची खाली पडलेली वाळकी फांदीसुद्धा ढिगात घ्यायची नाही. ते "त्यांचं" झाड, आणि "ते" म्हणजे कोण हे आजी सांगत नाहीत, नाव घ्यायचं नसतं. १९९९ मध्ये शेजारच्या क्लेअर काउंटीत अशाच एका झाडावरून हायवेचं काम अडलं होतं, शेवटी झाड राखून रस्ता केला गेला. आमच्या कोकणात देवराईतली काडी घरी आणत नाहीत, त्यामुळे मला कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही.

मग बॉग. बॉग म्हणजे दलदलीची जमीन, हजारो वर्षं कुजलेल्या शेवाळाची, तिच्यातून कापून काढलेल्या ओल्या काळ्या विटा वाळवून इथे पिढ्यान् पिढ्या जाळत आलेत, त्याला टर्फ म्हणतात. आता विकण्यावर बरेच निर्बंध आहेत, पण ज्यांचा बॉगवर वडिलोपार्जित हक्क आहे ते घरापुरतं काढतात. आजींचा एक पट्टा आहे. मे महिन्यात मशीनने कापून विटा जमिनीवर पसरून ठेवतात आणि वरून जरा सुकल्या की जूनच्या सुरुवातीला हाताने उभ्या करायच्या, पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून, वर एक आडवी, मधून वारा खेळला पाहिजे. अगदी शेणी वाळत घालतो तसंच! माझी आजी पावसाआधी गोठ्यामागे शेणींची उतरंड लावायची, हात तसेच चालायचे. मी दोन शनिवार वाकून ते केलं. कंबर मोडली पण त्या दोन दिवसांत आजी जेवढं बोलल्या तेवढं पाच वर्षांत नाही बोलल्या. त्यांच्या लहानपणी प्रत्येक वाडीची आपली आग असायची आणि डोंगरावर चढून पोरं मोजायची की किती आगी दिसतात, शेजारच्या वाडीची आपल्यापेक्षा मोठी तर नाही ना. प्रत्येक घरातून काहीतरी यायलाच हवं, टर्फच्या दोन विटा का होईना, नाही दिलं तर त्या घराचं वर्ष चांगलं जात नाही म्हणायचे. आणि एखादं हाड टाकायचं आगीत. बोनफायर म्हणजे मूळचं बोन-फायर, हाडांची आग, आयरिश शब्दाचा अर्थही तोच.

नंतर मी एक गोष्ट शोधून काढली ती सांगायलाच हवी. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना वह्या देऊन सांगितलं होतं की घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि जुन्या रीती, गोष्टी, औषधं लिहून आणा. त्या वह्या आज स्कॅन करून सगळ्यांसाठी ऑनलाइन खुल्या आहेत. मी आजींना टॅबवर त्यांच्याच शाळेची वही उघडून दिली. बोरूने काढल्यासारखं गोलगोल अक्षर. त्यात बोनफायर नाईटवर एक पान होतं आणि लिहिणारी मुलगी यांच्या आईची मैत्रीण निघाली. आजींनी ते पान तीनदा वाचलं, मग चष्मा काढून ठेवला आणि चहा टाकायला उठल्या.

२१ जूनला मी लॉख गुरला गेले, लिमरिक काउंटीत, आमच्याकडून सव्वादोन तास. आजी म्हणाल्या तू जा, मला दगडांचं काही कळत नाही. पण मला एकदा बघायचं होतं. तिथे ग्रेंजचं दगडांचं वर्तुळ आहे, ११३ दगड एकमेकांना खेटून उभे, आयर्लंडमधलं सगळ्यात मोठं. एक दगड चार मीटरपेक्षा उंच, क्रॉम डव या जुन्या देवाच्या नावाचा. वर्तुळात शिरायची वाट मोठ्या दिवसाच्या सूर्योदयाकडे तोंड करून आहे असं सांगतात, म्हणून दर वर्षी त्या पहाटे लोक जमतात. मी मध्यरात्री अडीचला निघाले, पोचले तेव्हा पाचला पाच-दहा मिनिटं होती, आणि खरं म्हणजे रात्र झालीच नव्हती, या अक्षांशावर जूनमध्ये उत्तरेचं आकाश रात्रभर फिकट उजळलेलंच असतं. मुंबईत मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, इथे सतरा. कुणी ढोल आणले होते, एक बाई डोक्यावर डेझीच्या फुलांचा गजरा करून आली होती आणि मला एकदम शिवोलीतल्या कोपेलची आठवण झाली. पाच दहाला सूर्य उगवायचा होता पण ढग होते, मग साडेपाचला ढगाची एक कड सोनेरी झाली आणि दगडांच्या ओल्या पाठी चमकायला लागल्या. पलीकडच्या शेतातल्या गाई उठून उभ्या राहिल्या. कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

एक समजून घेतलं पाहिजे, हे दगड केल्टिक नाहीत, केल्टिक भाषा बोलणारे लोक इथे यायच्या कितीतरी आधीचे आहेत. पण जवळच नॉकेनी नावाची टेकडी आहे आणि तिची कहाणी मात्र आयरिश परंपरेतलीच. ती टेकडी ऑन्या या देवीची, उन्हाळ्याची, पिकांची आणि समृद्धीची. १९ व्या शतकात नोंदवून ठेवलेलं आहे की सेंट जॉनच्या आदल्या रात्री तिथले लोक गवताच्या पेंढ्या काठ्यांना बांधून पेटवायचे, टेकडीला फेरी मारायचे आणि मग त्या मशाली घेऊन शेतांतून, गुरांमधून फिरायचे, पिकावरून आणि जनावरांवरून ओवाळत. मी ते वाचून मोठ्याने म्हटलं, "दिन दिन दिवाळी, गाई-म्हशी ओवाळी." दुसरं काय म्हणणार? मी त्या टेकडीवर चढले, वीस-पंचवीस मिनिटं लागली, वर वारा आणि मेंढ्या. देवीला नमस्कार केला आणि घरी आले, कारण दुपारी ड्युटी होती.

२२ ला संध्याकाळी एक प्रकार झाला. आम्ही लाकूड आणि टर्फ त्या रिंगणाजवळ आणून ठेवलं होतं, तर कोणीतरी तिथे जुना सोफा, एक गादी आणि चार टायर आणून टाकले होते. बोनफायर नाईटला हे खूप ठिकाणी होतं, काउंटी कौन्सिल दर वर्षी नोटीस काढतं की टायर, प्लॅस्टिक, रंगवलेलं लाकूड जाळू नका. मला भयंकर राग आला. समोरचा मोठा भाऊ म्हणाला की जाऊ दे, बाजूला लोटून ठेवू. पण आजी म्हणाल्या, "राख माझ्या बटाट्यांत जाणार आहे." तेवढं एक वाक्य पुरलं. ट्रेलर जोडला, सगळं भरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे भरून रिसायकलिंग सेंटरला देऊन आलो. माझ्या मते या सगळ्या सणाचं मर्म त्या वाक्यात आहे, आग बघायची गोष्ट नाही, तिची राख जेवणात येणार आहे, तर तिच्यात काय घालायचं याचा विचार आपोआप होतो.

२३ ला दुपारी ढीग रचला. आधीच का नाही रचला, तर हेजहॉग. आपल्या साळिंदराचं पिल्लू दिसेल असा छोटा काटेरी प्राणी, लाकडांच्या ढिगात शिरून झोपतो, आणि ढीग तसाच पेटवला तर आतच जळतो. म्हणून ज्या दिवशी लावायची त्याच दिवशी लाकूड उचलून नव्या जागी रचायचं. आणि खरंच खालच्या थरात एक सापडला! चेंडूसारखा गुंडाळलेला, वाळकी पानं काट्यांत अडकलेली. धाकट्या भावाने हातमोजे घालून त्याला उचललं आणि लांब कुंपणाच्या मुळाशी ठेवलं, सोबत थोडी पानंही नेऊन टाकली. मग रचना. मध्ये टर्फच्या विटांची पोकळ चिमणी, तिच्यात वाळकं फर्झ, म्हणजे पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप जे चुटकीसरशी पेट घेतं, बाहेरून हेझलच्या बारीक काटक्या, आणि मग ॲशचे ओंडके तिरके उभे करून. आजी खुर्चीत बसून काठीने दाखवत होत्या. "वाऱ्याला दार ठेवा," त्या म्हणाल्या आणि पश्चिमेकडे एक फट ठेवायला लावली. रॉकेल नाही, पेट्रोल तर नाहीच.

आठ वाजता पाऊस आला. बारीक, इथला नेहमीचा, पण दीड तास. मी घाबरले होते कारण मी सगळ्या रस्त्याला सांगून ठेवलं होतं आणि नर्सिंग होममधले दोन आजोबाही त्यांच्या मुलांबरोबर येणार होते. कोणी ताडपत्री आणली ती टाकली. साडेनऊला थांबला.

सूर्यास्त दहा वाजून आठ-दहा मिनिटांनी. तोवर पस्तीस-चाळीस माणसं जमली, पोरं, कुत्री, एक बाळ प्रॅममध्ये. आजी उभ्या राहिल्या, कोणाचा हात धरला नाही. टोप्या उतरल्या. त्यांनी आयरिश भाषेत रोझरीतल्या, म्हणजे जपमाळेतल्या, दहा प्रार्थना म्हटल्या, उत्तर द्यायला म्हातारी चार-पाच माणसंच होती ज्यांना ते शब्द पाठ होते, बाकी आम्ही गप्प उभे. त्यांच्या मिस्टरांचं नाव घेतलं शेवटी. मग घरच्या चुलीतून डब्यात आणलेला निखारा चिमट्याने त्या फटीत ठेवला.

काही झालं नाही. धूर आला नुसता, पांढरा, ओला. मी श्वास धरून होते. मग आत कुठेतरी फर्झने पेट घेतला, तडतड आवाज आला, आधी एक पिवळी जीभ आणि मग एकदम सगळा ढीग आतून लाल झाला, आणि पोरं ओरडली, आणि समोरच्या डोंगराच्या उतारावर, लांब, अजून एक आग दिसली. मग उजवीकडे तळ्यापलीकडे एक. आजींनी मोजल्या, सहा. "पूर्वी वीस असायच्या," म्हणाल्या, पण हसत होत्या.

मी घरून नारळ आणला होता. होळीत नारळ टाकायची आमची रीत. आजींना विचारलं असतं तर त्या नक्की हो म्हणाल्या असत्या, पण मी तो पिशवीतच ठेवला. इतक्या वर्षांनी ही आग लागत होती, ती त्यांच्या रीतीने पुरी होऊ दे असं मला मनापासून वाटलं. त्याऐवजी आजींनी सांगितलं तसं रविवारच्या मटणातलं एक हाड टाकलं आमच्या घराकडून.

आगीच्या कडेला निखारे ओढून त्यावर एक मोठं पातेलं ठेवलं होतं, त्यात गूडी. गूडी म्हणजे शिळा पांढरा पाव कुस्करून गरम दुधात घालायचा, साखर, वरून जायफळ-दालचिनी, बोनफायर नाईटचा हा जुना खाऊ, गरिबीतला. दूध समोरच्या भावांच्या गाईंचं होतं, जाड सायीचं. पाव किती मऊ झाला की उतरवायचं हे बघायला आजी चमचा उभा करून ठेवतात, पडायला लागला की झालं. सगळ्यांनी मगमध्ये घेऊन खाल्लं. धुराचा वास लागलेलं दूध, जायफळ, अंगावर आगीची धग आणि पाठीवर गार वारा, ती चव मला आयुष्यभर लक्षात राहील.

साडेअकराच्या पुढे ज्वाळा खाली बसल्या. उत्तरेला आकाश अजून निळसर. मग उड्या. तरुण पोरं-पोरी निखाऱ्यांच्या कडेवरून उडी मारून जायची, पूर्वी म्हणे लग्न ठरायचं असेल तर तीनदा उडी मारायची. पोलिश बाई म्हणाली त्यांच्याकडेही याच रात्री आग आणि उड्या, शिवाय नदीत फुलांचे गजरे सोडतात. मी तिला शिवोलीच्या विहिरींचं सांगितलं. मग आम्ही दोघींनी हात धरून उडी मारली.

पण मला सांगायचंय ते याच्या नंतरचं. बरेच लोक गेले होते. आजींनी मला हाक मारली आणि चिमट्याने ॲशची एक काठी बाहेर काढली, एक टोक लालबुंद, दुसरं धरण्याइतपत गार. "तुझ्या बटाट्यांना." मी मार्चमध्ये घरामागे बटाट्याच्या चार ओळी लावल्या होत्या, त्यांच्याच बेण्याच्या. मी काठी घेऊन कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले, त्या हळूहळू मागे आल्या. बटाट्याला पांढरी फुलं आली होती, त्या अंधुक उजेडात तेवढीच दिसत होती. ओळींमधून सावकाश चालायचं, धूर पानांवरून गेला पाहिजे, घाई नाही करायची. ठिणग्या ओल्या पानांवर पडून चुरचुर विझत होत्या. जूनच्या दमट हवेत बटाट्यावर करपा येतो, आजही हवामान खातं त्याचा इशारा देतं, आणि १८४५ पासूनच्या दुष्काळात याच करप्याने या भागातली गावंच्या गावं रिकामी केली. आजींच्या घरामागे डोंगरावर बघितलं तर तिरप्या उन्हात गवताखाली जुन्या वाफ्यांच्या ओळी दिसतात, त्या वेळच्या, परत कोणी न पेरलेल्या. त्या ओळी बघून ज्यांची पिढी वाढली ती माणसं ही काठी घेऊन शेतातून चालायची. चौथ्या ओळीच्या टोकाला आजी म्हणाल्या, "आता टाक." मी काठी मधोमध टाकली. त्या तिथेच थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही घराकडे आलो.

२४ ला सकाळी मी आईला फोन लावला, तिकडे आर्द्रा लागून पाऊस धो धो, वीज नव्हती, मामाकडची पोरं सांजावला शिवोलीला गेलेली. मी तिला म्हटलं आग लागली गं. ती म्हणाली, नारळ वाढवलास का? मी म्हटलं पुढच्या वर्षी.

मग बादली घेऊन शेतात गेले. मधली राख अजून कोमट होती, वरून पांढरी, खाली करडी, मऊ पिठासारखी, त्यात एक खिळा नाही की एक तार नाही. आजी आधीच येऊन बसल्या होत्या. अर्धी राख त्यांच्या बटाट्यांना, थोडी माझ्या, एक डबा समोरच्या भावांना. बाकीची रिंगणात तशीच राहू द्यायची, आणि आठ-दहा दिवस तिथे दोरी बांधायची म्हणजे वासरं चाटायला येणार नाहीत. आम्ही खुंट्या ठोकत होतो तेव्हा आजी चर्चच्या मागच्या ॲशकडे काठी दाखवून म्हणाल्या की ते वरून वाळायला लागलंय, फादरना आत्ताच विचारून ठेव, फेब्रुवारी संपायच्या आत पाडायला हवं.